मागं धावावं लागू नये असं रॉकेट

गजू, लोकं म्हणून राहिले, थंडीनं नेलं तुले. येणारा प्रत्येक माणूस उंबरठ्यातच सुरू होते, "काय थंडी पडली बाप्पा औंदा, अन् त्यात पोराचं दुखणं असं." मी मान हलवते, खुर्ची पुढं करते, तुह्या बायकोले, वर्षाले, चहा ठेवू देत नाही, मीच ठेवते. कोणाले सांगू का मले तुह्या मरणाचं कारण नाही पाहिजे? ते कारण तर तुह्या जन्मापासून घरातच होतं. मले दुसरंच विचारायचं होतं. त्या सकाळी तुहं रॉकेट उतरलं का नाही? जसं तू म्हणत होता तसं, सरळ, चार पायावर? एवढं एक सांगायच्या आधी गेला तू. मोठ्या बहिणीले असं टांगून कोणी जाते का रे?

आपल्या मायबापानं आपल्या दोघायले सगळं सारखं वाटलं, एक सिकलसेल सोडून. मले अर्धा आला, तुले पुरा. अर्ध्यावाल्याले काही होत नाही, लग्न जमवताना नुसतं रक्त तपासा म्हणतात. पुऱ्यावाल्याले थंडी चालत नाही, उन्ह चालत नाही, तहान चालत नाही, अन् धावणं तर नाहीच नाही. दुखणं उठलं का तू उशीचा कोपरा दातात धरायचा अन् माय देव्हाऱ्यापुढं बसून देवाशी भांडायची. संक्रांतीच्या पतंगी तू ओट्यावरून पाहायचा. पतंग कटली का तुहा हुकूम सुटायचा, "बाई, चिंचेच्या मागं गेली, धाव!" अन् मी परकर वर धरून धावायची. शाळेत शर्यती असल्या का गुरुजी तुह्या हाती शेवटच्या दोरीचं टोक द्यायचे. तू ते असं ताठ उभं राहून धरायचा का जशी शर्यत तुह्यामुळंच चालून राहिली. मले ते पाहवत नव्हतं, मी पाण्याच्या नळाकडं निघून जायची.

आंधळगावच्या बाजारात माह्या शिलाईच्या दुकानाले लागून तू मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा मले वाटलं, चला, बसून काम आहे, पोरगा सुखात राहीन. तर तुह्या डोकशात रॉकेट! माह्याकडं कापडाचं थान संपलं का आतली पुठ्ठ्याची नळी तू उचलून न्यायचा. सनबोर्डचे पंख कापायचा, फटाक्याच्या मसाल्याचं इंजन कुठून कुठून मागवायचा. धान निघालं का आपण शालिककाकाच्या रिकाम्या बांधीत जायचो. मी पाण्याची बादली घेऊन उभी, कारण धसकटं वाळलेली, ठिणगी पडली असती तर काकानं आपल्याले गावात राहू दिलं असतं का? सुंईकन वर जायचं, ठिपका व्हायचं, मंग फटकन छत्री उघडायची. पण छत्री काही आपल्या घरची नोकर नव्हती. वारा नेईन तिकडं जायची. अन् मंग तोच हुकूम, "बाई, बोडीकडं चालली!" तू खुर्चीत, अन् मी पदर खोचून शेताचे धुरे ओलांडत, लोकायचं लाखोरीचं पीक तुडवत, बोडीच्या तळ्यापर्यंत त्या छत्रीमागं. रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून पाहायचे. टेलरीन बाई पागल झाली म्हणायचे.

त्या छत्र्या मीच शिवायची, खरंच छत्रीच्या कापडाच्या. गावात कोणाची छत्री मोडली का ती माह्याकडं यायची. कापड माहं, काड्या तुह्या. पहिल्याच वेळी तू म्हटलं, "बाई, मधात भोक ठेव."

मी म्हटलं, "भोक ठेवून कोण शिवते रे? गिऱ्हाईक तोंडावर फेकन."

"भोक नसलं तर हवा कडेनं निसटते, अन् रॉकेट पाळण्यावानी झुलते."

मी कायले ऐकते? बिनभोकाची शिवून दिली. ते रॉकेट असं झोकांड्या खात उतरलं जसा लग्नातून पिऊन निघालेला मामा, अन् काकाच्या बैलाच्या पाठीवर आदळलं. बैल दावं तोडून पसार. त्या दिवशी मी आधी बैलामागं धावली, मंग रॉकेटमागं. तू धुऱ्यावर बसून इतका हसला, इतका हसला का तुले ठसका लागला. तुह्या हसण्यालेही मी भ्यायची गजू. हे तुले कधी बोलली नाही.

मंग तुले नवीन भूत लागलं, का ते खऱ्यासारखं दिसलं पाहिजे. नुसतं उडून भागत नव्हतं. पांढऱ्या रंगाचे थर दिले, घोटले, अन् वरून बुडाले काजळी फासली. म्हटलं, काहून? तर म्हणे, "उडून आलेलं रॉकेट कोरं नसते." माही सुई नेऊन अंगभर रिबीटाचे ठिपके टोचले. भिंगानं वाचा लागन अशा बारीक अक्षरात सूचना लिहिल्या. मी म्हटलं, आकाशात गेल्यावर हे कोण वाचते? तू म्हटलं, "कोणी नाही वाचत, पण असते." वर्षा बिचारी म्हणे, "बाई, माह्या तोंडाकडं एवढा वेळ कधी पाहिलं नाही यायनं." तरी तीच रात्री उशिरापर्यंत जागू नका म्हणून कटकट करायची अन् तीच तुह्या बोटायले शेक द्यायची.

अन् एक दिवस तू मसाल्याचं इंजन सोडून दिलं. नळीच्या आत बॅटरीवरचा पंखा बसवला, भल्ला जोराचा. तो खाली हवा फेकते, हवेच्या वाटेत चार पात्या, त्या रिमोटनं वळते. वर जाते तुह्या मर्जीनं, थांबते तुह्या मर्जीनं, अन् खाली येताना छत्रीच्या काड्यांचे चार पाय उघडून उभं राहते. राहते म्हणजे, राहिलं पाहिजे. कितीतरी महिने ते कोलांट्या खाऊन पडत होतं. तू बोडीच्या काठची जागा धरली होती, पाणी हटलं का तिथं ओला गाळ सपाट राहते, पडलं तरी मोडत नाही. एकदा तर तुह्या डोक्यावरून जाऊन सरळ बोडीत शिरलं. मीच गेली कमरेएवढ्या पाण्यात. बाहेर आली तर पायाले जळवा, हातात रॉकेट, अन् तू रिमोट खाली ठेवून रडून राहिला. मले वाटलं, रॉकेट भिजलं म्हणून.

तेव्हापासून मी मागं लागली, यातही छत्री ठेव. पंखा बंद पडला तर? तू म्हटलं, वजन होते.

"वजन? पावशेर वांग्याएवढंही नाही!"

"पावशेर वांगे घेऊन तू उड बरं."

अशी आपली भांडणं. मी छत्री शिवून, घडी घालून, नळीत कोंबून द्यायची, तू काढून फळीवर ठेवायचा. शेवटी मी म्हटलं, वाऱ्यानं गेलं तर गेलं, मी आहे ना धावायले. तर तू एकदम भडकला. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, त्याचीही लाज नाही ठेवली.

"तेच नाही पाहिजे मले! तू धापा टाकत येते, पायात काटे, अन् मी खुर्चीत राजावानी बसून. खऱ्या रॉकेटमागं कोणाची बहीण धावत नाही बाई. मले असं करायचं आहे का कोणालेच मागं धावा लागू नये. आपल्या पायानं उतरलं पाहिजे, उभं राहिलं पाहिजे."

मी म्हटलं, "मले आवडते धावायले."

तू म्हटलं, "खोटं नको बोलू. तुहे गुडघे दुखते."

माहे गुडघे दुखते हे मी घरात नवऱ्यालेही सांगितलं नव्हतं. तू कसं पाहिलं, खुर्चीत बसल्या बसल्या? मी मशीनवर वाकून सुई ओवत बसली. ती ओवली जात नव्हती.

पण थंडीचं भांडण त्याहून मोठं होतं, अन् ते मिटलंच नाही. तुले वारा नको होता. वारा नसते कधी? पूसाच्या महिन्यात, सकाळी, धुकं हटता हटता. म्हणजे तुह्या हाडायले जे वर्ज्य, तेच तुह्या रॉकेटले पाहिजे.

"दुपारी जा."

"दुपारी वारा सुटते."

"मंग फागुनात जा."

"फागुनात तर वाराच वारा."

"पावसाळ्यात?"

"बाई, पावसाळ्यात बोडी भरली राहते. गाळ कुठून आणू?"

"मंग नको जाऊ! खऱ्या रॉकेटवाल्यायले थंडी लागत नसन, तुले लागते."

तू काही बोलला नाही. तू गप्प बसला का मी समजून जायची का हा करणार. यावेळी कशी नाही समजली?

आदल्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं तू, "उद्या काय करून राहिली बाई?" मी म्हटलं, भंडाऱ्याले जाऊन राहिली, अस्तर आणायचं आहे, पहिली एसटी धरते. तू म्हटलं, "बरं." बस, बरं. तुहं अन् माहं शेवटलं धड बोलणं ते. दिवस निवडून काढला तू, मी गावात नाही असा. वर्षाले म्हणे, दुकानात पार्सल यायचं आहे, लवकर जातो. दोन स्वेटर घातले, मफलर बांधला, म्हणजे भेव तुलेही होतं. तरी गेला.

मी बाजारात अस्तराचा रंग जुळवून राहिली होती तेव्हा वर्षाचा फोन आला. शालिककाका गव्हाले पाणी द्यायले गेले, तर तू गाळात बसलेला अन् बाजूले रॉकेट उभं. त्यायले वाटलं, बसला असन मजेत. जवळ गेले तर ओठ काळेनिळे. तुले गाडीत टाकून भंडाऱ्याले आणलं, अन् तुह्या आधी मी दवाखान्याच्या फाटकाशी. डॉक्टर चांगले होते, त्यायनं करायचं ते सगळं केलं. दुखणं छातीत उतरलं म्हणाले. काही दगदग झाली होती का, विचारलं. वर्षा म्हणाली, नाही, रिमोट घेऊन बसून राहते ते.

तुह्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. दुखणं असं का तुह्या पायाची बोटं आपोआप वळून राहिली. मी तळवे चोळले तर तू पाय ओढून घेतला, हात लावलेलाही सहन होत नव्हता. पण डोळे कसे होते तुहे! दुखणेकऱ्याचे नव्हतेच. तू मास्क सरकवून काहीतरी सांगायले लागला, "बाई, ते... बाई..." अन् मी दटावलं तुले. "गप. श्वास घे आधी. मंग सांगजो." तू मास्क पुन्हा लावला, शहाण्या पोरासारखा. ते "मंग" कधी आलंच नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर असताना तू गेला. ती सारी रात्र मी ते वाक्य पुरं करून पाहिलं. बाई, ते पडलं. बाई, ते उतरलं. दोन्ही बसत होतं.

घाटावरून आल्यावर, तुले जिथं ठेवलं होतं तिथं मामीनं पीठ पसरलं, दिवा लावला, वरून टोपली झाकली. सकाळी टोपली उचलली अन् बायका वाकल्या. गेलेल्या माणसाचं पाऊल पाहायले. कोणी म्हणे पाखराचं दिसते, कोणी म्हणे गाईचं खूर. वर्षा माह्याकडं पाहून राहिली, का बाई काय म्हणते. मले त्या पिठात काहीच दिसलं नाही. नुसतं पीठ. मी उठली, चपला घातल्या.

मामी म्हणाली, "सुतकात कुठं निघाली वं?"

मी म्हटलं, "पाऊल पाहायले."

रॉकेट तर घरीच आलं होतं, पण त्याच्यावरून काही समजत नव्हतं. काकानं ते गाडीच्या कॅरिअरले बांधून आणलं, रस्त्यात एक पाय वाकला. छत्री फळीवरच, मी घातली तशी घडी. काकाले विचारलं, उभं होतं म्हणता, पण उतरतानाच उभं होतं का यानं उचलून उभं केलं? काका म्हणाले, "आता ते कसं सांगू पोरी, मी पोराकडं पाहू का त्याच्याकडं?" बरोबरच होतं त्यायचं.

बोडीवर कोणी नव्हतं. तुही खुर्ची तशीच, सीटवर दव. गाळ वरून सुकला होता, पण ठसे जसेच्या तसे. काकाच्या अनवाणी पायाचे ठसे मी बाजूले काढले. तुहे बूट मीच घेऊन दिले होते, तळव्याले जाळी आहे, ते ओळखायले येते. खुर्चीभवती तू उभा राहून चुळबुळ केली ती जागा सापडली. मंग तिथून ठसे बोडीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडं गेलेले, चांगले लांब. रॉकेट वाहवत गेलं होतं म्हणजे. मी एका ठशावर पाय ठेवला अन् दुसऱ्यावर ठेवायले गेली, तर माहा पाय पुरला नाही.

मले आधी समजलंच नाही. वाटलं, मधले पुसले असन. मी वाकली. पुढचा चवडा खोल रुतलेला, टाच टेकलीच नाही. त्याच्या पुढचाही तसाच. त्याच्याही पुढचा. गजू, तू धावला होता.

म्हटलं, म्हणजे पडलं. कोसळलं असन, म्हणून हा जिवाच्या आकांतानं गेला. मी त्या ठशायच्या बाजूनं गेली, पाहायची हिंमत होत नव्हती तरी गेली. अन् तिथं चार भोकं होती गाळात. तूच मले शिकवलं होतं कसं वाचायचं ते: एक खोल अन् एक उथळ, म्हणजे तिरपं आलं, रेघ ओढली असन, म्हणजे घसरत आलं, चारही सारखे, म्हणजे सरळ. मी माहं बोट चारही भोकात घालून पाहिलं. चारही सारखे होते रे. तिथं कुठं रेघ नाही, नळी आदळल्याची खूण नाही. बाजूले तू बसला ती जागा, अन् एक पंजा टेकलेला.

मी तिथंच फतकल मारून बसली अन् तुले शिव्या दिल्या, मोठमोठ्यानं, माय असती तर कानावर हात ठेवले असते तिनं. उभं होतं ना ते! तुह्या मर्जीनं उतरलं होतं, आपल्या पायावर, कोणीच मागं धावायचं काम नव्हतं. तेवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा. मंग पळून चाललं होतं का कुठं? चालत गेला असता. हळूहळू, नेहमीसारखा, दम खात. दिवसभर उभं राहिलं असतं तुह्यासाठी. काहून धावला? शिव्या देता देता मले हसू आलं, अन् हसता हसता जे रडू फुटलं ते घाटावरही नव्हतं फुटलं. मले माहीत होतं काहून. त्या आनंदाले तू चालत कसा गेला असता?

घरी येऊन वर्षाले सांगितलं, उतरलं, एकदम सरळ उतरलं. ती पहिल्यांदा पोटभर रडली अन् मंग दोन घास जेवली. धावला ते नाही सांगितलं तिले. कोणालेच नाही सांगितलं. तुले सांगून राहिली, कारण ते तुले माहीतच आहे.

जन्मभर तू बसून मले धावताना पाहिलं. पतंगीमागं, छत्रीमागं, बैलामागं. अन् तू एकदाच धावला, ते पाहायले मी नव्हती. ठसे आहे, त्यावरून किती जोरात ते समजते. पण तोंड कसं झालं होतं तुहं, हात कसे हलत होते, मफलर मागं उडत होता का, हे गाळात उमटत नाही. गजू, धावताना तू कसा दिसला असशीन, हे मले माहीत नाही. अन् ज्यानं पाहिलं, असं कोणीच नाही.